नेलपॉलिशचे टवके उडू नयेत यासाठी: नव्याने लावणाऱ्यांकरिता मार्गदर्शक

रविवारी रात्री लावलेले नेलपॉलिश बुधवारपर्यंत टोकाला झिजते आणि गुरुवारी एखाद्या बोटावरचा अर्धा रंग टवका होऊन निघून जातो, ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की बहुतेक जणी तिचा दोष बाटलीला देतात आणि पुढच्या वेळी महागडी बाटली घेतात. बाटलीचा वाटा असतो, पण तो बराच लहान असतो. रंग नखाला किती घट्ट धरणार हे मुख्यतः रंग लावण्यापूर्वीच्या पंधरा-वीस मिनिटांत आणि लावल्यानंतरच्या पहिल्या दिवसात ठरते, आणि या दोन्ही वेळा नवख्या व्यक्तीच्या हातून घाईत निघून जातात. प्रस्तुत लेखात दिव्याखाली न वाळवायच्या साध्या नेलपॉलिशचा विचार केला आहे. रोज स्वयंपाक आणि भांडी करणाऱ्या हातांवर असे नेलपॉलिश ५ ते ७ दिवस नीट टिकले तर ते उत्तम समजावे. त्याहून अधिक काळाची अपेक्षा ठेवून सुरुवात केल्यास निराशा पदरी पडेल.

टवका का उडतो

नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज हा मुख्य घटक असतो. त्याला लवचीक ठेवणारे पदार्थ, नखाला चिकटून राहण्यास मदत करणारे रेझिन आणि रंगद्रव्ये ही सारी सामग्री एथिल अ‍ॅसिटेट व ब्यूटिल अ‍ॅसिटेट यांसारख्या चटकन उडून जाणाऱ्या द्रावकांत मिसळलेली असते. द्रावक उडून गेला की मागे एक पातळ, कडक पापुद्रा उरतो. १९२० च्या दशकात मोटारींना जे चकचकीत लॅकर दिले जाऊ लागले, त्याचाही पाया नायट्रोसेल्युलोजच होता. फरक एवढाच की मोटारीचा पत्रा पाणी पीत नाही आणि नख पिते.

नख हे केराटिन या कडक प्रथिनाच्या एकमेकांवर बसलेल्या पातळ थरांचे बनलेले असते. काही मिनिटे पाण्यात राहिले की ते पाणी शोषून किंचित फुगते, मऊ होते आणि सहज वाकू लागते. वाळले की पुन्हा पूर्ववत होते. वर बसलेल्या पापुद्र्याला इतकी हालचाल झेपत नाही, त्यामुळे तो आधी कडेने सुटतो आणि मग त्या सुटलेल्या कडेखाली पाणी, साबण आणि तेल शिरत जाते. पुढे सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे हे एकच कारण आहे, आणि ते लक्षात राहिले तर सूचना पाठ करण्याची गरज उरत नाही.

काय जवळ ठेवावे

एक बेस कोट (रंगाखाली लावायचा थर), आवडीचा रंग, एक चकचकीत टॉप कोट (रंगावर शेवटी लावायचा पारदर्शक थर), तेलविरहित रिमूव्हर, बारीक दाण्याची किंवा काचेची कानस, नखाच्या मुळाशी वापरायची लाकडी काडी आणि स्वच्छ सुती कापडाचे तुकडे एवढे पुरेसे आहे. कापसाचे तंतू नखावर चिकटून राहतात आणि रंगाखाली दिसतात, म्हणून शेवटच्या पुसण्यासाठी जुन्या सुती साडीचा धुतलेला तुकडा कापसापेक्षा चांगला. ज्या रिमूव्हरवर बदामतेल किंवा ग्लिसरीन असल्याची जाहिरात असते, ते जुना रंग काढायला ठीक आहे. नव्या रंगाची तयारी करायला मात्र ते उपयोगाचे नाही, कारण नखावर त्याचा स्निग्ध थर मागे राहतो. हीच गोष्ट हॅण्ड सॅनिटायझरची. त्यात मद्यार्क असतो म्हणून अनेक जणी त्याने नखे पुसतात, पण बहुतेक सॅनिटायझरमध्ये त्वचेसाठी ग्लिसरीन घातलेले असते.

पहिल्या काही वेळा रंग निवडताना फिकट गुलाबी, अबोली किंवा त्वचेच्या जवळची छटा घ्यावी, असे माझे मत आहे. ती जास्त टिकते असे नाही. पण तिच्यावर टोकाची झीज नजरेत भरत नाही आणि हात अजून सरावलेला नसताना कडेला गेलेला रंगही उठून दिसत नाही. गडद लाल किंवा काळपट जांभळ्या रंगावर मोहरीएवढा टवका उडाला तरी तो समोरच्याला दिसतो.

वेळ निवडणे

हा भाग बहुतेक सूचनांमध्ये सापडत नाही, पण आपल्याकडच्या दिनक्रमात तो फार महत्त्वाचा आहे. नेलपॉलिश हाताला कोरडे लागले म्हणजे वाळले असे नव्हे. वरचा थर दहा-पंधरा मिनिटांत कोरडा वाटतो, परंतु आतला द्रावक पुढे कित्येक तास हळूहळू बाहेर पडत असतो. त्यामुळे रंग अशा वेळी लावावा की त्यानंतर भांडी, कपडे, कणीक आणि गरम पाण्याची आंघोळ यांपैकी काहीही लगेच येणार नाही. रात्रीची आवराआवर संपल्यावर आणि झोपण्याच्या किमान दोन तास आधी, ही वेळ सर्वात सोयीची. त्यापेक्षा उशीर झाला तर चादरीची वीण नखावर उमटलेली सकाळी पाहायला मिळते.

सणासुदीचा क्रमही याच हिशेबाने ठरवावा. मोदकांची उकड गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळावी लागते; उष्णता, ओलावा आणि तेल हे तिन्ही एकदम नखांवर येतात. चकलीच्या पिठाचेही तसेच. म्हणून फराळ किंवा नैवेद्याचे काम आपल्याकडे असेल तर ते उरकल्यावरच रंग लावावा. लग्नघरात चुडा भरताना हातांना साबण किंवा तेल लावून हात दाबला जातो, तेव्हा बांगड्या आधी आणि नेलपॉलिश नंतर. मेंदीच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी: उघड्या नखावर मेंदी लागली तर तिचा डाग नख वाढून कापले जाईपर्यंत राहतो, आणि नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर एवढेच वाढते. मेंदीपूर्वी नखांवर बेस कोटचा एक हात देऊन ठेवावा आणि मेंदीचे सगळे सोपस्कार झाल्यावर तो काढून रीतसर सुरुवात करावी.

पहिली पायरी: नखांची तयारी

जुना रंग पूर्ण काढल्यावर नखांना आकार द्यावा. कानस एकाच दिशेने, कडेकडून मध्याकडे चालवावी. पुढे-मागे घासल्यास टोकाचे थर सुटे होतात आणि त्या सुट्या थरांबरोबर पुढे रंगही जातो. अणकुचीदार आकार आणि अगदी चौकोनी कोपरे हे दोन्ही नवख्यांनी टाळावेत, कारण ठेच प्रथम कोपऱ्यालाच लागते. बोटाच्या टोकाच्या गोलाईला धरून असलेला, फार लांब नसलेला आकार सर्वात जास्त टिकतो. ज्यांची नखे पापुद्र्यापापुद्र्याने फाटतात, त्यांनी तर लांबीचा मोह सोडूनच द्यावा; नखच वाकत आणि फाटत असेल तर त्यावरचा कोणताही थर टिकणार नाही.

त्यानंतर नखाच्या मुळाशी पाहावे. तेथे नखावर चिकटलेली अतिशय पातळ, पारदर्शक, मृत कातडी असते. ती वरवर दिसत नाही, पण रंग नखावर न बसता तिच्यावर बसला तर ती सुटताना रंगही घेऊन जाते. लाकडी काडीने ती हलकेच मागे सारावी आणि सुटलेली कातडी पुसून घ्यावी. तिच्या मागे असलेली जिवंत त्वचा मात्र कापू नये. तिच्यामुळेच नखाच्या मुळात जंतूंचा शिरकाव होत नाही.

पार्लरमध्ये कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. कातडी मऊ होण्यासाठी ती सोयीची असली तरी रंग टिकण्याच्या दृष्टीने ती उलट पडते: फुगलेल्या नखावर रंग लावला जातो, तासाभरात नख आकसते आणि रंगाची पकड पहिल्याच दिवशी सैल होते. घरी करताना हात भिजवूच नयेत. भिजवायचेच असतील तर त्यानंतर किमान तासभर जाऊ द्यावा. पार्लरमध्ये मालिशचे क्रीम लावल्यानंतर लगेच रंग लावला जात असेल, तर नखे रिमूव्हरने पुसून घेण्याची विनंती अवश्य करावी. चांगली कारागीर ते न सांगताच करते.

नखाचा पृष्ठभाग फार गुळगुळीत आणि चमकदार असेल तर बफरचे (नख घासायच्या मऊ ठोकळ्याचे) एक-दोन हलके फटकारे मारून ती चमक तेवढी घालवावी. अधिक घासण्याची गरज नाही. नख पातळ झाले की ते जास्त वाकते, आणि मग आपण पुन्हा मूळ अडचणीकडे येतो.

आता शेवटचे पुसणे, आणि सगळ्या पायऱ्यांपैकी एकच नेमाने करायची असेल तर हीच करावी. सुती कापडाच्या तुकड्यावर तेलविरहित रिमूव्हर घेऊन प्रत्येक नख, त्याच्या दोन्ही कडा आणि टोकाची खालची बाजूसुद्धा पुसावी. डोक्याला खोबरेल तेल लावणारे हात, पोळ्यांना तूप लावणारे हात, चेहऱ्याला क्रीम लावणारे हात: आपल्या नखांवर नेहमीच थोडे तेल असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पुसल्यानंतर नखाला बोट लावू नये. केस मागे सारणे, मोबाईल उचलणे, गाल खाजवणे या सवयीच्या हालचालींनी केलेले काम वाया जाते. रिमूव्हर ज्वालाग्राही असते, म्हणून पेटलेल्या गॅसजवळ किंवा देवासमोर समई तेवत असताना तिच्या शेजारी बसून हे काम करू नये, आणि टेबलाच्या पॉलिशवर किंवा प्लॅस्टिकवर ते सांडू देऊ नये.

दुसरी पायरी: हात देणे

बेस कोटचा एक पातळ हात द्यावा. तो नखाला आणि रंगाला एकत्र धरून ठेवतो आणि गडद रंगाचा पिवळसर डागही नखावर पडू देत नाही. काही कंपन्यांच्या दोन बाटल्यांच्या संचावर बेस कोट लावू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. तेथे बाटलीवरची सूचनाच पाळावी.

रंगाची बाटली जोराने न हलवता दोन्ही तळव्यांत धरून फिरवावी, म्हणजे तळाशी बसलेले रंगद्रव्य सारखे मिसळते. ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाला निथळून घ्यावी. ब्रश नखाच्या मध्यावर, मुळापासून थोडा पुढे टेकवून आधी हलकेच मुळाकडे सरकवावा आणि मग टोकापर्यंत ओढावा; त्यानंतर डावीकडून एक आणि उजवीकडून एक, असे तीन फटकारे पुरतात. मुळाशी आणि कडांना केसभर जागा मोकळी सोडावी. रंग त्वचेवर चढला तर त्वचा हलताच तो तेथून उचकटतो आणि त्या फटीतून पाणी आत जाते, म्हणून चढलेला रंग ओला असतानाच रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या काडीने पुसून टाकावा.

पहिला हात पाहून निराश होऊ नये. त्यातून नख दिसणार, रेघा दिसणार. तो तसाच असायला हवा. भिंतीला रंग देणारा कारागीर पहिल्याच हातात भिंत झाकण्याचा प्रयत्न करत नाही, आणि नखाचेही तसेच आहे. जाड थराची वरची बाजू आधी वाळते, आतला द्रावक अडकून पडतो, त्यातून बुडबुडे येतात आणि रंग दुसऱ्या दिवशीही नखाने दाबला तर खळगा पडण्याइतका मऊ राहतो. दोन पातळ हात, फार तर तीन, आणि प्रत्येक दोन हातांमध्ये दोन ते तीन मिनिटे.

आता टोकाविषयी. नखाची जी उभी, पातळ धार पुढे दिसते, तिच्यावरूनही ब्रश आडवा फिरवावा. रंगाचा एक हात देताना आणि टॉप कोट देताना असे दोन्ही वेळा करावे. पापुद्र्याची कड उघडी राहिली तर टाइप करताना, बटण लावताना, पिशवीची साखळी ओढताना बसणारा प्रत्येक मार त्या कडेवरच बसतो. धार झाकली की कड नखाच्या टोकावरून खाली वळते आणि मार सोसते. अगदी आखूड नखांवर हे जरा अवघड जाते, बोटाच्या टोकाला रंग लागतो. तो नंतर पुसता येतो, पण धार सोडून देऊ नये.

टॉप कोट लावताना ब्रशवर थोडा जास्त द्रव घेऊन तो दाब न देता तरंगता फिरवावा, नाहीतर खालचा रंग ओढला जातो. झटपट वाळणारे टॉप कोट रंग किंचित ओला असतानाच लावायचे असतात. ते वाळताना आकसतात आणि रंगाला कडेपासून मागे ओढतात, म्हणून त्यांच्या बाबतीत धार झाकणे अधिकच आवश्यक. मॅट टॉप कोट दिसायला देखणा असला तरी घासण्याने तो तुकतुकीत होतो आणि लवकर जुना दिसतो.

तिसरी पायरी: वाळू देणे

पंखा पूर्ण वेगात असताना नेलपॉलिश लावू नये. वरचा थर घाईने वाळून आतला ओला राहतो आणि उघड्या बाटलीतला रंगही दाट होत जातो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते: द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतला ओलावा त्यावर जमतो आणि रंगाची चमक जाऊन तो धुरकट दिसू लागतो. अशा दिवसांत खिडक्या उघड्या ठेवून पावसाच्या हवेत बसण्यापेक्षा कोरड्या खोलीत, पंखा मंद ठेवून, हात आणखी पातळ देऊन काम करावे. हेअर ड्रायरची गरम हवा रंग मऊ करते, तेव्हा ती नको.

बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे. थंडीने वरचा थर तात्पुरता ताठ होतो आणि वाळल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात थंडीत द्रावक अधिक सावकाश उडतो, आणि वर नख पाण्यात राहते ते वेगळेच. हा उपाय मी कोणालाही सुचवणार नाही.

पहिला दिवस आणि नंतरचे दिवस

पहिले १२ तास शक्यतो गरम पाणी टाळावे. पहिल्या दिवसानंतर रोज रात्री नखांच्या मुळाशी आणि कडेच्या त्वचेला खोबरेल तेलाचा एक थेंब चोळावा. रंगापूर्वी जे तेल वर्ज्य होते तेच आता उपयोगी पडते, कारण त्याने नख कोरडे, ठिसूळ होत नाही आणि पाणी शोषण्याचा वेग थोडा कमी होतो.

भांडी घासताना रबरी हातमोजे घालावेत. बऱ्याच घरांत हा सल्ला हसण्यावारी नेला जातो. पण गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि तारेची घासणी यांचा एकत्रित मारा सहन करील असे नेलपॉलिश बाजारात नाही. आतून ओले झालेले मोजे मात्र न घातल्यापेक्षा वाईट, म्हणून ते उलटे करून वाळवावेत. कणीक मळताना हातमोजे कोणी घालत नाही. तेथे एवढेच पाहावे की सुटू लागलेला टवका कणकेत जाणार नाही, आणि तसा तो दिसत असेल तर मळण्यापूर्वीच रंग काढून टाकावा. फिकट रंगावर हळद चढते. ओली हळद किसणे, लोणच्याची फोड कालवणे ही कामे असतील त्या आठवड्यात पांढरा किंवा दुधी रंग निवडू नये.

नखांचा हत्यार म्हणून वापर थांबवणे हे सर्वात कठीण. लसूण सोलणे, डब्यावरचे किमतीचे लेबल खरवडणे, किल्लीची कडी उघडणे, नारळ खवताना वाटीच्या तळाशी बोटे घालणे या सगळ्यांत टोकालाच मार बसतो. बोटाच्या पेराने किंवा चमच्याच्या दांड्याने यातली बरीच कामे होतात.

दर दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा एक पातळ हात द्यावा आणि धार पुन्हा झाकावी. पाच मिनिटांचे हे काम आयुष्य दोन दिवसांनी सहज वाढवते.

टवका कोठून उडाला ते पाहावे

रंग बिघडला की तो लगेच खरवडून टाकण्याआधी निरखून पाहावा. अखंड सालीसारखा सुटत असेल तर नखावर तेल किंवा ओलावा राहिला होता, अथवा बेस कोट दिलेला नव्हता. फक्त टोकाकडून उडत असेल तर धार झाकलेली नव्हती किंवा नखे आपल्या कामाच्या मानाने लांब आहेत. मुळाकडून उचलला जात असेल तर रंग त्वचेवर किंवा त्या मृत कातडीवर चढला होता. बुडबुडे आणि सुरकुत्या असतील तर थर जाड होते किंवा बाटली जुनी झाली आहे. दाटलेल्या बाटलीत रिमूव्हर घालून ती वाचवू नये, त्याने पापुद्र्याची ताकदच जाते. नेलपॉलिशसाठी मिळणारे थिनर दोन-तीन थेंब घालावे. एकाच हाताच्या बोटांवरचा रंग दरवेळी आधी जात असेल, तर तो बहुधा आपला कामाचा हात असतो, आणि त्या हातावर टॉप कोटचा एक हात जास्त द्यावा.

लहान टवका दुरुस्त करता येतो. त्याची उचललेली कड कानशीने अगदी हलकेच सपाट करावी, जागा रिमूव्हरच्या ओझरत्या स्पर्शाने पुसावी, खळग्यापुरता रंग भरावा, वाळला की पूर्ण नखावर एक पातळ हात आणि त्यावर टॉप कोट द्यावा. दोनपेक्षा जास्त नखांना अशी डागडुजी लागत असेल तर सगळेच काढून नव्याने लावणे कमी वेळाचे ठरते.

काढताना

सुटू लागलेली साल नखाने ओढून काढण्यात एक विचित्र समाधान असते, पण तिच्याबरोबर नखाचा वरचा थर निघतो आणि पुढचा रंग त्या खरबरीत जागेवर टिकत नाही. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर १५ ते २० सेकंद नुसता दाबून धरावा आणि मग मुळाकडून टोकाकडे एकदाच ओढावा. चमकीच्या रंगाला याहून बराच अधिक वेळ द्यावा लागतो. त्यानंतर हात धुऊन तेल लावावे. त्याच दिवशी पुन्हा रंग लावायचा असेल तर तेल न लावता थेट तयारीच्या पायरीवर जावे.

नखांना श्वास घेता यावा म्हणून मधूनमधून सुट्टी द्यावी असे सांगितले जाते. नखाला प्राणवायू आणि पोषण मुळाशी असलेल्या रक्तपुरवठ्यातून मिळते, त्यामुळे या कारणासाठी सुट्टीची गरज नाही. मात्र रंग काढल्यावर नखावर खडूसारखे पांढरे, खरबरीत ठिपके दिसले तर पृष्ठभाग फार कोरडा पडून सोलवटला आहे असे समजावे आणि तो भाग वाढून पुढे जाईपर्यंत फक्त तेल लावावे. नख हिरवट किंवा काळपट दिसत असेल, जाड होत असेल किंवा खालच्या त्वचेपासून सुटत असेल, तर त्यावर दुसरा रंग चढवू नये आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.